हाताला काम, कामाला मान : बाबासाहेबांच्या चरित्राचे एक वाचन

नागपूर शहरातून वर्धा रोडने दक्षिणेकडे निघाले की उजव्या हाताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ लागतो. त्याला लागूनच खापरी, शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या शिवारात मिहान उभे राहिले आहे. २००२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने चार हजारांहून अधिक हेक्टरांचा हा प्रकल्प हाती घेतला. आज तेथे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, विमानांची देखभाल करणारे हँगर आहेत, औषधनिर्मितीचे कारखाने आहेत आणि बोईंग विमानांच्या तळभागाला लागणाऱ्या तुळया घडविणारा कारखानाही आहे. ज्या महामानवाचे नाव विमानतळाच्या कमानीवर आहे, त्याच्याच नावाने आमच्या विद्यालयाची सकाळ उजाडते.

दहावीचा निकाल लागला की पालक आम्हांला भेटावयास येतात. त्यांच्या बोलण्यात अलीकडे एक प्रश्न हमखास असतो : पोराला मिहानमध्ये लागेल का? पूर्वीच्या पिढीतील पालक रेल्वे, पोस्ट, तहसील, शाळा यांच्याविषयी विचारीत. प्रश्न बदलला आहे, कारण काळ बदलला आहे. सरकारी जागा आटल्या आणि रोजगाराची मोठी दारे खासगी मालकांच्या हाती गेली. या दाराशी उभ्या असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना बाबासाहेब काय सांगू शकतात, हे शोधावे म्हणून आम्ही त्यांचे चरित्र या स्मरणिकेसाठी पुन्हा वाचले. ते वाचताना ध्यानात आले की राज्यघटनेचे शिल्पकार आणि धम्मचक्र पुन्हा गतिमान करणारे बोधिसत्त्व म्हणून आपण ज्यांना वंदन करतो, त्यांचा अवघा जन्म रोजगाराच्या प्रश्नाशी झुंजण्यात गेला आहे.

या चरित्राचा आरंभच एका नोकरीतून होतो. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला, तेव्हा वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या मूळ गावी राहून जे मिळाले नसते, ते छावणीने दिले. लष्करात शिक्षणाची सक्ती होती. म्हणून रामजी शिकले, लष्करी शाळेत शिक्षक झाले आणि पुस्तकाची गोडी त्यांनी मुलांपर्यंत पोहोचविली. गावच्या बलुत्यातून सुटलेला, महिन्याला रोख पगार घेणारा एक बाप घरात असला की पुढच्या पिढीचे काय होऊ शकते, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. पुढे थोड्याच काळात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती थांबविली. हजारो कुटुंबांपुढील दार एका हुकमाने बंद झाले. रोजगार देणारा हात तो मागेही घेऊ शकतो, हा धडा या समाजाला तेव्हाच मिळाला.

सेवानिवृत्तीनंतर रामजींनी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात खजिनदाराची नोकरी धरली. दुष्काळग्रस्तांच्या हाताला काम मिळावे म्हणून तेथे सरकारी तलाव खोदला जात होता. १९०१ च्या सुट्टीत वडिलांना भेटण्यासाठी निघालेली भावंडे मसूर स्थानकावर उतरली. अंगावर चांगले कपडे होते, भाड्याचे पैसे खिशात होते. मात्र जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले आणि गाडी मुलांनीच हाकावी, गाडीवानाने पायी चालावे, अशी तोड निघाली. अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात की बाजार पैसा पाहतो, माणूस पाहत नाही. नऊदहा वर्षांच्या भीमाला त्या रात्री कळले की आपल्या देशातला बाजार पैसा घेण्यापूर्वी जात विचारतो.

मुंबईत परळच्या गिरणगावात, चाळीतील एका खोलीत, दिव्याखाली अभ्यास करून ते १९०७ मध्ये मॅट्रिक झाले आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीने १९१३ मध्ये त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचविले. शिष्यवृत्तीच्या बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानाची सेवा करावयाची होती. १९१७ मध्ये ते त्यासाठी बडोद्याला गेले. संस्थानात अधिकारपद होते, परंतु राहावयास जागा नव्हती. पारशी धर्मशाळेत त्यांनी नाव बदलून आश्रय घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि कोलंबियाचा पदवीधर कमाठी बागेतील झाडाखाली बसून रडला. नोकरी मिळणे आणि नोकरी करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रसंगाइतके स्पष्ट क्वचितच कोणी अनुभवले असेल.

यानंतरचा प्रसंग विद्यार्थ्यांना आम्ही आवर्जून सांगतो, कारण चरित्रांत त्याला एखादेच वाक्य मिळते. मुंबईला परतल्यावर बाबासाहेबांनी स्वतःचा व्यवसाय थाटला. शेअर व रोखे यांच्या व्यवहाराविषयी सल्ला देणारी पेढी त्यांनी उघडली. त्या विषयाचे त्यांच्याइतके सखोल शिक्षण तेव्हा मुंबईत किती जणांजवळ होते? आरंभी गिऱ्हाइके आली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच येईनाशी झाली. पेढी बंद पडली. खासगी क्षेत्रात गुणवत्तेलाच किंमत असते, असे आज आपल्याला सांगितले जाते. त्या क्षेत्रात पाऊल ठेवू पाहणाऱ्या आपल्या सर्वश्रेष्ठ गुणवंताचे काय झाले, हे त्या बंद पेढीने सांगितले आहे. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळाले. विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानांना गर्दी करू लागले, पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

एवढे सोसलेला माणूस उद्योगधंद्यांविषयी कडवट झाला असता तर नवल नव्हते. येथेच त्यांच्या बुद्धीचे मोठेपण दिसते. १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावर त्यांनी एक प्रबंधिका प्रसिद्ध केली. शेतीचे तुकडे झाले म्हणून शेतकरी दरिद्री आहे, तुकडे जोडले की दारिद्र्य फिटेल, असे तेव्हाचे बहुतेक विद्वान मानीत. बाबासाहेबांनी रोग अन्यत्र दाखविला. जमीन लहान की मोठी हे तिच्या आकारावर ठरत नाही. तिच्यावर किती भांडवल आणि किती श्रम लावले जातात, यावर ठरते. आपल्याकडे शेतीवर अवजारे आणि बैल अपुरे, तर माणसे गरजेहून जास्त. दुसरे काम नसल्यामुळे ती तेथे अडकून पडली आहेत. दिसायला कामात आहेत, पण त्यांच्या श्रमाने उत्पन्नात भर पडत नाही. अशा निरुद्योगी श्रमिकांना शेतीबाहेर उत्पादक काम मिळाले पाहिजे आणि त्यासाठी देशाचे औद्योगिकीकरण झाले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. विकसनशील देशांतील छुप्या बेकारीचा हा विचार जगातील अर्थशास्त्रज्ञांनी पुढे कित्येक वर्षांनी विस्ताराने मांडला. सत्तावीस वर्षांच्या भीमरावांनी तो तेव्हाच हेरला होता.

म्हणून मिहानसारखा प्रकल्प आला की त्याला केवळ विरोधच करावा, असे बाबासाहेबांच्या विचारांतून निघत नाही. आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांना जमीनच नव्हती. मोबदला सातबाऱ्यावरील नावाला मिळतो आणि शेतमजुराचे नाव सातबाऱ्यावर नसते. शेत गेले की त्याची मजुरी तेवढी जाते. अशा माणसाला कारखान्याचे दार उघडले पाहिजे, हेच १९१८ च्या त्या लेखनाचे मागणे आहे.

दार उघडल्यावर आत काय होते, हा पुढचा प्रश्न. नागपूरकरांना तो नवा नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. कामगारांसाठी निवृत्तिवेतन आणि अपघाताची भरपाई यांसारख्या सोयी तिने त्या काळात केल्या, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. नागपूर भागातील महारांचे अनेक हात पिढ्यान् पिढ्या जाडेभरडे कापड विणीत होते. गिरणीच्या स्वस्त कापडाने त्यांचे माग थांबविले आणि त्याच गिरण्यांनी त्यांच्या पोरांना रोख मजुरीही दिली. नागपूरच्या आंबेडकरी चळवळीला गिरणी कामगारांच्या वस्त्यांनी किती माणसे दिली, हे येथे वेगळे सांगावयास नको. गावगाड्याबाहेरची स्वतंत्र कमाई हे त्या चळवळीचे एक बळ होते.

मुंबईच्या गिरण्यांत मात्र अस्पृश्यांना सूतकताईच्या खात्यात घेत, विणाई खात्यात घेत नसत. कारण असे की धोट्यातील कांडी बदलताना विणकराला सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेल्या सुताला इतर कामगार शिवत नसत. विणाई खात्यात पगार जास्त होता. म्हणजे एकाच गिरणीत, एकाच छपराखाली, जातीमुळे मजुरी कमी मिळे. आणि हा अडसर मालकाइतकाच सहकारी कामगारांनीही धरून ठेवला होता. १९२८ च्या प्रचंड संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारले की तुमच्या मागण्यांत हा अन्याय का नाही? अस्पृश्यांना सर्व खात्यांत प्रवेश मिळावा, ही मागणी घातल्याशिवाय आपले लोक संपात राहणार नाहीत, असे त्यांनी बजावले, तेव्हा कोठे पुढाऱ्यांनी ती नाखुशीने मान्य केली.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे भरलेल्या रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी हेच सूत्र पुढे नेले. आपली माणसे वर्षानुवर्षे गँगमनच राहतात. त्यांना पोर्टरसुद्धा करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागतात आणि तेथे अस्पृश्य चालत नाही, हे त्यांनी उघड केले. ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी सांगितले. ब्राह्मण्य म्हणजे एखादी जात नव्हे, स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार होय, हेही स्पष्ट केले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. संपाच्या हक्काला बांध घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्या पक्षाने मुंबईत एक दिवसाचा संप घडविला, तेव्हा कम्युनिस्टही त्यांच्याबरोबर उभे होते.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घातला गेला. त्याच महिन्यात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून सूत्रे घेतली. ज्याला बडोद्यात खोली मिळाली नव्हती, त्याच्या हाती देशातील सर्व कामगारांचे खाते आले. पुढील चार वर्षांत काय झाले, हे विद्यार्थ्यांनी पाठ करावे इतके महत्त्वाचे आहे. सरकार, मालक आणि कामगार यांना एका मेजाभोवती बसविणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा स्थिरावल्या. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा कायदा १९४६ मध्ये झाला. कोळसा खाणीतील कामगारांसाठी कल्याणनिधी उभारला गेला. त्यांची स्थिती पाहण्यासाठी ते डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या खाणीत स्वतः उतरले होते. ज्यांना आपण आज सेवायोजन कार्यालये म्हणतो, त्यांचे देशव्यापी जाळे त्यांच्या खात्यात विणले जाऊ लागले. ओळखीपाळखीने, मुकादमाच्या मर्जीने होणारी भरती उघड नोंदीवर यावी, हा त्यातील मोठा लाभ होता. अनुसूचित जातींसाठी केंद्रीय नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा १९४३ मध्ये राखल्या गेल्या, आणि परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्याही त्यांनी मिळविल्या. दामोदर खोऱ्याची योजना आणि वीजनिर्मितीचे धोरण हे सुद्धा याच काळातील काम. वीज नाही तर उद्योग नाहीत आणि उद्योग नाहीत तर शेतीवरील माणसांना सुटका नाही, ही १९१८ ची विचारसाखळी आता शासनाच्या धोरणात उतरली होती.

यानंतर १९४७ साली फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी घटना समितीसाठी एक निवेदन तयार केले. राज्ये आणि अल्पसंख्याक या नावाने ते प्रसिद्ध आहे. प्रमुख उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, ही त्यातील योजना अनेकांना ठाऊक असते. ज्याच्याजवळ काम नाही त्याला कागदावरचे मूलभूत हक्क टिकविता येत नाहीत, कामासाठी तो ते गहाण टाकतो, हे त्यामागील निरीक्षण होते. परंतु आमच्या दृष्टीने त्या निवेदनातील एक छोटे कलम आज सर्वांत मोलाचे आहे. सरकारी अधिकाऱ्याने, तसेच कारखान्यातील व व्यापारी पेढीतील खासगी मालकाने, वंश, धर्म वा सामाजिक दर्जा यांवरून भेदभाव केल्यास तो गुन्हा मानावा आणि त्याचा निवाडा करण्यासाठी न्यायाधिकरण असावे, असे त्यात सुचविले होते.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेत सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. सोळाव्या कलमाने राज्याच्या नोकरीत समान संधी आणि मागासवर्गांसाठी जागा राखण्याचा अधिकार दिला. दुकाने, हॉटेले, विहिरी यांतील मज्जाव पंधराव्या कलमाने मोडून काढला. मात्र खासगी मालकाच्या भरतीविषयीचे ते कलम घटनेत आले नाही. सरकारी नोकरीचा राजमार्ग रुंद होता तोवर ही उणीव फारशी बोचली नाही. १९९१ नंतर तो मार्ग अरुंद होत गेला आणि आमच्या पालकांच्या प्रश्नाने नवे रूप घेतले. २००६ मध्ये उद्योग संघटनांनी वंचितांना संधी देण्याची आचारसंहिता स्वेच्छेने स्वीकारण्याचे ठरविले. स्वेच्छा ही चांगली गोष्ट आहे. परंतु मसूरच्या गाडीवानालाही स्वेच्छा होतीच.

२००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना उत्तर म्हणून समान शिक्षणाचे, समान योग्यतेचे अर्ज पाठविण्यात आले. भिन्न होते ते केवळ आडनाव. दलित आडनावाच्या अर्जांना मुलाखतीची बोलावणी लक्षणीयरीत्या कमी आली. शेअरचा सल्ला देणाऱ्या त्या पेढीला नव्वद वर्षे झाली होती. हा पुरावा जगापुढे ठेवणारे डॉ. थोरात हे बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला काढलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते.

कारण कायद्यात जे मिळाले नाही, त्यासाठीची तयारी बाबासाहेबांनी शिक्षणसंस्थांत करून ठेवली होती. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. १९४६ मध्ये सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात सकाळचे वर्ग भरत, ते दिवसा नोकरी करून पोट भरणाऱ्या तरुणांसाठी. पुढे वाणिज्य आणि विधी यांची महाविद्यालये निघाली. व्यापाराचे, हिशेबाचे, कायद्याचे ज्ञान आपल्या मुलांनी मिळवावे आणि ज्या पेढ्यांनी आपल्याला दारात उभे केले नाही त्यांच्या आत जाऊन बसावे, ही आकांक्षा त्यामागे आम्हांला दिसते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी या नागपूर नगरीत त्यांनी लाखो अनुयायांसह बुद्धधम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दीक्षेने आपल्याला अष्टांगिक मार्ग दिला. त्यातील सम्यक आजीविका हे अंग रोजगाराशी थेट बोलते. दुसऱ्याला अपाय न करता चरितार्थ चालवावा, हा त्याचा परिचित अर्थ. बाबासाहेबांचे चरित्र वाचल्यावर आम्हांला त्याची दुसरी बाजूही दिसते. माणसाला आपली जात लपवून, मान खाली घालून, धर्मशाळेत खोटे नाव सांगून भाकरी मिळवावी लागत असेल, तर ती आजीविका देणारी व्यवस्था सम्यक कशी म्हणावी?

तेव्हा पालकांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. पोराला मिहानमध्ये अवश्य पाठवा. परंतु जाताना तीन प्रश्न त्याच्या खिशात द्या. मला कोणत्या खात्यात घेत आहात? मला नेमणारा कोण, कंपनी की कंत्राटदार? आणि पाच वर्षांनी मी कोठे असेन? फाटकावरचा पहारा आणि मजल्यांची झाडलोट ही कामे प्रामाणिक आहेत, त्यांत कमीपणा नाही. पण आपल्या वस्तीतील सगळी मुले तेवढ्याच कामांवर थांबली, तर विणाई खाते आजही बंद आहे असे समजावे आणि १९२८ साली बाबासाहेबांनी विचारले तसे विचारावे. त्यासाठी इंग्रजी, गणित आणि यंत्राचे ज्ञान येथेच, या वसतिगृहाच्या दिव्याखाली पक्के करावे लागेल. त्याबरोबर संघटित होऊन १९४७ च्या त्या विसरलेल्या कलमाची मागणीही जिवंत ठेवावी लागेल.

विमानतळाच्या कमानीवरचे नाव येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना दिसते. त्या नावाच्या सावलीत उभ्या राहिलेल्या कारखान्यांच्या हजेरीपटावर, सर्व खात्यांत आणि सर्व पायऱ्यांवर, आपल्या मुलामुलींची नावे दिसू लागतील, त्या दिवशी ते नाव तेथे शोभेल. तोवर आम्हां शिक्षकांचे काम संपलेले नाही.